मशीनचे दात: वाचकांचे सवाल, वर्कशॉपमधून जवाब

मागच्या अंकात रस्त्याच्या मशिनरीबद्दल लिहिताना आम्ही एक वाक्य टाकलं होतं, की रस्ता खरवडणाऱ्या ड्रमचा दात हा खर्चायचाच असतो, वाचवायचा असतो तो होल्डर, म्हणजे दात ज्याच्या भोकात बसतो तो पोलादाचा ठोकळा. त्यावर एवढे मेसेज आले की या वेळी सदराची सगळी जागा त्यालाच दिली. काहीजण चिडलेत पण, "दात काय फुकट येतात का तुमच्याकडं" असं एका मालकांनी विचारलंय. नाही येत साहेब, म्हणूनच तर लिहितोय. नावं छापत नाही, गाव तेवढं देतो.

काका नमस्कार. मी मिलिंग मशीनवर ऑपरेटर आहे, ड्रम दोन मीटरचा, जुनं डांबर खरवडायचं काम चालू आहे. आमच्या ड्रमवरचे बरेच दात एकाच बाजूनं झिजून चपटे होतात आणि विडिया (दाताच्या टोकाचा कठीण तुकडा) अर्धा शिल्लक असताना फेकून द्यावे लागतात. सुपरवायझर म्हणतो माल डुप्लिकेट आहे. कंपनी बदलली तरी तेच. कामून होत असेल?
(ऑपरेटर, जालना)

दादा, दोन वेगळ्या कंपन्यांचा माल सारखाच चपटा होतोय म्हणजे दोष दाताचा नाही, तुमचा दात फिरत नाहीये.

हे जरा सविस्तर सांगतो कारण निम्म्या पत्रांचं मूळ इथंच आहे. ड्रम फिरतो ते सगळ्यांना दिसतं, पण ड्रमवरचा प्रत्येक दात स्वतःभोवती पण फिरायला पाहिजे हे लई जणांच्या लक्षातच येत नाही. दाताची दांडी गोल असते, रोडच्या मशीनला साधारण २० मिलिमीटरची, ती होल्डरच्या भोकात स्प्रिंगच्या स्लीव्हनं, म्हणजे दांडीभोवतीच्या चिरलेल्या नळीनं, अडकवलेली असते, म्हणजे बाहेर येत नाही पण गोल फिरू शकते. आणि होल्डर ड्रमवर सरळ रेषेत बसवलेला नसतो, थोडा तिरपा असतो, त्यामुळं रस्ता दाताला नुसता मागं ढकलत नाही तर बाजूनं पण रेटतो आणि त्या रेट्यानं दात थोडा थोडा वळत राहतो. वळत राहिला की चारी अंगानं सारखा झिजतो, टोक टोकच राहतं. अडकला की तव्यावर न फिरवलेल्या भाकरीसारखं, एकच बाजू करपणार. तुमच्या दोन मीटरच्या ड्रमवर दीडशे-एकशेसाठ दात असतील, ड्रम मिनिटाला शंभरच्या आसपास फेरे घेतो, म्हणजे एकेक दात तासाला सहा हजार ठोके खातो. अडकलेला दात ते सगळे ठोके एकाच गालावर घेतो, मग विडिया किती का भारी असेना.

आता का अडकतो ते बघा. आधी एक काम करा, सुपरवायझरशी भांडायच्या आधी, चपटा दात निघाला की तो ड्रमवर कुठल्या जागेवरचा होता ते वहीत लिहा. आठवडाभर लिहा. दरवेळी जागा वेगवेगळ्या निघाल्या तर मामला घाणीचा आहे, बारीक भुकटी आणि गरम डांबर मिळून दांडी आणि भोकाच्या मधी असं बसतं की सुकल्यावर दात वेल्डिंग केल्यासारखा घट्ट. त्याला इलाज म्हणजे काम संपल्यावर ड्रम गरम असतानाच नाही, जरा निवल्यावर, प्रेशरच्या पाण्यानं धुवायचा आणि इंजिन बंद करून, चावी खिशात घालून, एकेक दात हातानं फिरवून बघायचा. फिरला नाही तर हलका ठोका देऊन मोकळा करायचा. रात्रभर तसाच ठेवला तर सकाळी तो तुमचं ऐकणार नाही.

पण त्याच त्याच जागा परत परत आल्या, तर तिथला होल्डर खराब आहे. एकतर त्याचं भोक लंबगोल झालंय, नाहीतर तोंडाची बसायची जागा खाल्ली गेलीय, नाहीतर, आणि हे आपल्याकडं फार होतं, मागं कधीतरी होल्डर तुटला आणि कुणीतरी साईटवरच अंदाजानं वेल्डिंग मारून बसवला. तो तिरपेपणा जो मी वर सांगितला तो काही अंशांचाच असतो, डोळ्यानं मापून येत नाही, त्याला जिग, म्हणजे कोन बरोबर धरणारा साचा, लागतो. अंदाजानं बसवलेल्या होल्डरमधे तुम्ही सोन्याचा दात घाला, तो फिरणार नाही.

आणि ग्रीस लावू नका. दांडीला ग्रीस लावलं की फिरेल असं वाटतं, पण ग्रीसमधे भुकटी मिसळली की घासायची पेस्ट तयार होते, ती दांडीपण खाते आणि भोकपण.

आमचा ट्रेंचर परभणी भागात पाईपलाईनच्या चारीसाठी दोन सीझन मस्त चालला. आता देगलूरकडं काम मिळालं तर दातांचा खर्च तिपटीवर गेला. दगड तर तिथला आपल्या काळ्या पाषाणापेक्षा ठिसूळच वाटतो, हातानं भुगा होतो काही ठिकाणी. मग दात का जातात?
(मशीन मालक, सेलू, जि. परभणी)

भाऊ, तुम्ही नुसता जिल्हा बदलला नाही, दगडाची जात बदललीत. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पण नांदेडच्या दक्षिण-पूर्वेला, देगलूर, बिलोली, मुखेडकडं हा थर संपतो आणि खालचा जुना ग्रॅनाईट उघडा पडतो. ग्रॅनाईटमधे गारगोटी असते, आणि सगळी मेख त्या गारगोटीत आहे.

खनिजांच्या कठीणपणाची एक पट्टी असते, एक ते दहा, हिरा दहावर. बेसाल्टमधली मुख्य खनिजं सहाच्या आसपास येतात, गारगोटी सातवर, आणि तुमच्या दाताचं जे पोलाद आहे ते कितीही पाणी दिलेलं (तापवून, विझवून कठीण केलेलं) असलं तरी गारगोटीच्या खालीच राहतं. विडिया म्हणजे टंगस्टन कार्बाईड नवाच्या आसपास. म्हणजे गारगोटी विडियाला सहज ओरखडत नाही पण त्याच्या खालचं पोलाद मात्र सँडपेपरसारखं खात सुटते. तुमचे टाकून दिलेले दात परत बघा, विडियाची टोपी बरीचशी शाबूत असेल आणि तिच्या खालची मान बारीक झाली असेल, आणि एक दिवस मान मोडून टोपी चारीत पडली असेल. ठिसूळ ग्रॅनाईट तर आणखी वाईट, कारण त्याची गारगोटी सुटी होऊन रेतीसारखी दाताभोवती फिरत राहते.

तिथं तुम्हाला दात बदलायला पाहिजे, नुसता जास्त महाग नाही, वेगळ्या घडणीचा. ज्याची विडियाची टोपी खाली रुंद असते आणि पोलादाच्या खांद्यावर सावलीसारखी येते तो घ्या, नाहीतर ज्याच्या मानेभोवती कारखान्यातच कठीण धातूचा पट्टा चढवलेला असतो तो.

उलट काळ्या पाषाणात दात झिजून कमी आणि तुटून जास्त मरतो. ताजा, न कुजलेला बेसाल्ट फोडायला शंभर-दोनशे मेगापास्कलचा दाब लागतो, आपल्या हायवेचं काँक्रीट असतं चाळीसच्या घरात, यावरून अंदाज घ्या. मुरूम आणि मांजऱ्या (मऊ, छिद्राळ) दगडापर्यंत ट्रेंचर राजा आहे, खाली निळसर काळा घट्ट थर लागला आणि मशीन नाचायला लागली की थांबा, ब्रेकर लावा. तिथं दातांवर खर्च करणं म्हणजे हट्ट आहे. आणि जालना, संभाजीनगरकडं ज्या बेसाल्टच्या पोकळ्यांमधे पांढरे स्फटिक आणि गारा भरलेल्या असतात तिथं काळा पाषाण असूनपण मान खाल्ली जाते, कारण परत तेच, गारगोटी.

मी मूळचा किनवटचा, सध्या वणीकडं कोळशाच्या खाणीत सरफेस मायनरवर (कोळसा वरून खरवडत जाणारी मशीन) हेल्पर आहे. कोळसा नखानं खरवडता येतो मग दात का संपतात?

दादा, कोळशानं नाही संपत. कोळशाच्या मधी जे वाळूच्या दगडाचे पट्टे येतात आणि पिवळी चकाकणारी माक्षिकाची (पायराईटची) खडी येते, त्यानं संपतात. तिकडचा वाळूचा दगड म्हणजे गारगोटीचेच कण, वरचं उत्तर वाचा. पट्टा लागला की पुढं जायचा वेग कमी करायला ऑपरेटरला सांगा. जमिनीखालच्या खाणीत तर बोथट दाताचा आणखी एक धोका असतो, दगडावर घासून तापलेल्या रेघेनं मिथेन पेटू शकतो, म्हणून तिथं दाताच्या मागूनच पाण्याचा फवारा देतात. तुमची खाण उघडी आहे, तेवढं भ्या नाही.

उन्हाळ्यात आमच्याकडं प्यायला टँकर आणि मिलिंगच्या मशीनला रोज हजारो लिटर पाणी. मालक म्हणतात, फवारा बंद ठेवा, डांबरच तर आहे, दात काय वितळणार आहे का. खरं काय?
(आष्टी, जि. बीड)

वितळणार नाही, पण मालकांना हिशोब उलटा पडतोय. मोठ्या मशीनची पाण्याची टाकी तीन हजार लिटरच्या आसपास असते, ती रोज भरायला जीवावर येतं हे कबूल, आष्टीत तर येणारच. पण ते पाणी तीन कामं करतं. दात थंड ठेवतं, होल्डरमधली भुकटी धुवून काढतं म्हणजे दात फिरता राहतो, आणि धूळ बसवतं.

थंड ठेवणं का गरजेचं, तर विडिया हा सलग धातू नाही. टंगस्टन कार्बाईडचे कठीण कण कोबाल्टमधे धरून ठेवलेले असतात, रोडच्या दातात साधारण शंभरात सहा ते दहा भाग कोबाल्ट. तापलं की कोबाल्ट मऊ पडतो, कण सुटतात. आणि तापणं-निवणं, तापणं-निवणं सारखं होत राहिलं की टोपीवर सापाच्या कातड्यासारख्या बारीक भेगा येतात, मग एखाद्या दिवशी चांगला दिसणारा दात कपची उडून जातो. म्हणून एक चूक कधीच करू नका, अर्धा तास कोरडं चालवून दात लाल झाल्यावर मग पाणी सोडणं. त्यापेक्षा वाईट काही नाही. पाणी आधी, कटिंग नंतर.

पाणी वाचवायचंच असेल तर नोझल साफ ठेवा. आपल्याकडं बोअरचं पाणी क्षाराचं, किटलीत जसा पांढरा थर बसतो तसा नोझलमधे बसतो, मग अर्ध्या नोझल बंद आणि उरलेल्या अर्ध्यांतून पाणी वाया. सोळातल्या सहा नोझल बंद असतील तर त्या सहांच्या समोरचे दात तुम्ही कोरडेच चालवताय, टाकी मात्र तेवढीच रिकामी होतेय. रोज फिल्टर काढा, आठवड्यातून एकदा नोझल व्हिनेगरमधे बुडवून ठेवा. तारेनं भोक मोठं करू नका, फवाऱ्याची धार होते.

माझा मुलगा अशाच मशीनच्या मागं पाण्याचं बघायला आणि दात बदलायला जातो. घरी येतो तेव्हा पापण्यांवर पांढरी भुकटी असते. तुम्ही सगळे मशीनच्या दाताचं लिहिता, त्याच्या छातीचं काय?
(हिंगोली)

ताई, बरोबर विचारलंत, आणि हा प्रश्न मालकांनी विचारायला पाहिजे होता. दगडाच्या, काँक्रीटच्या बारीक भुकटीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की सिलिकोसिस होतो आणि झालेला बरा होत नाही. म्हणजे वरचं पाणी दातापेक्षा तुमच्या मुलासाठी जास्त. रुमाल बांधून काही होत नाही, रुमालातून ती भुकटी आरपार जाते, एन-९५ किंवा त्याच्या वरचा मास्क पाहिजे आणि तो घट्ट बसला पाहिजे, दाढीवर बसत नाही. घरी आल्यावर कपडे घरात झटकू देऊ नका, बाहेरच भिजवा. खोकला दोन-तीन आठवडे राहिला तर सरकारी दवाखान्यात छातीचा एक्सरे, आणि डॉक्टरला तो काय काम करतो ते सांगायचं, नाहीतर नुसती टीबीची शंका घेऊन सोडतात.

दुसरं, दात बदलताना मशीन बंद, ड्रम लॉक, आणि चावी ज्याचा हात ड्रममधे आहे त्याच्याच खिशात. ऑपरेटरच्या नाही. त्याला एवढं एक वाक्य पाठ करून द्या.

माझं वेल्डिंगचं दुकान आहे. नांगराच्या फाळाला, रोटाव्हेटरच्या पात्यांना मी हार्डफेसिंगच्या रॉडनं थर देतो, गिऱ्हाईक खूश. आता एक कॉन्ट्रॅक्टर मिलिंगचे झिजलेले दात पोतं भरून घेऊन आला, म्हणतो यांना पण थर द्या, विडियाचे तुकडे पण चिकटवून द्या. घेऊ का काम?
(उदगीर, जि. लातूर)

दाताचं काम घेऊ नका भाऊ. विडियाची टोपी पोलादावर ब्रेझिंगनं, म्हणजे मधी दुसरा धातू वितळवून, बसवलेली असते, तुम्ही जवळ आर्क मारला की ते ब्रेझिंग ढिलं होतं आणि पोलादाला कारखान्यात दिलेलं पाणी उतरतं. दिसायला नवा, आणि पहिल्याच तासात टोपी रस्त्यात. टोपी उडालेला दात तसाच चालला की पुढचं काम होल्डर करतो, म्हणजे तुमचा वाचवलेला एक दात कॉन्ट्रॅक्टरचा होल्डर घेऊन जातो, आणि होल्डर दाताच्या कैकपट महाग.

पण काम सोडू नका, त्याला सांगा की दात नको, होल्डर आण. होल्डरची जी बाहेरची बाजू मालाच्या लोंढ्यात घासते, तिथं थर द्यायला खरंच अर्थ आहे. आधी तापवून घ्या, एकदम गार होल्डरवर मारलं तर थराखाली भेग जाते, आणि मारल्यावर राखेत किंवा कोरड्या वाळूत सावकाश निवू द्या, पाणी ओतू नका. भोकात आणि दाताचा वायसर जिथं टेकतो त्या तोंडावर चुकूनही रॉड लावायचा नाही, तिथं एक थेंब पडला तरी दात फिरायचा बंद. भोकात जुना दात घालून ठेवा म्हणजे छर्रे आत उडणार नाहीत. आणि ड्रमवरच काम करत असाल तर अर्थिंगची क्लिप होल्डरच्या अगदी जवळ लावा, करंट बेअरिंगमधून गेला तर बेअरिंग गेलं, मशीनच्या बॅटरीची वायर आधी काढा.

रोटाव्हेटरच्या पात्यांना दरवर्षी थर द्यावा का? (औसा)

काळ्या मातीत गरज नाही, काळी माती पात्याला फार खात नाही. माळरान, मुरमाड, खडे असतील तर द्या, पण धारेच्या पाठीमागच्या बाजूला पातळ, दोन्हीकडून नाही. एकाच बाजूला दिला की समोरची बाजू आधी झिजते आणि पातं आपोआप धारदार राहतं. आणि पाती बदलायची तर सेट बदला, एका बाजूला नवी जड आणि दुसरीकडं जुनी हलकी ठेवली तर शाफ्ट थरथरून बेअरिंग खातो.

हिऱ्याच्या टोकाचे दात निघालेत म्हणे, एकाची किंमत ऐकून चक्कर आली. आम्ही गावागावात जलजीवनच्या पाईपसाठी सिमेंट रस्ते कापतो. घ्यावेत का?
(कॉन्ट्रॅक्टर, छत्रपती संभाजीनगर)

साहेब, तुमच्या कामाला नको. हिरा म्हणजे कारखान्यात बनवलेल्या हिऱ्याचा थर विडियावर बसवलेला असतो, झिजायला तो विडियाच्या कितीतरी पुढं आहे, आणि लांबच लांब हायवेवर जिथं एकसारखं डांबर आठवडेच्या आठवडे खरवडायचंय, दात बदलायला मशीन थांबवणंच महाग पडतं, तिथं तो पैसे फेडतो. पण हिरा ठोक्याला कच्चा. गावातला सिमेंट रस्ता म्हणजे खाली काय निघेल सांगता येत नाही, कुणी सळई टाकलेली, कुणाची जुनी लोखंडी पाईप, चेंबरची फ्रेम. एक सळई आणि तुमचे चार-पाच महागडे दात एकाच फेरीत.

साध्या दातात पण हिशोब नगाच्या किमतीवर करू नका, तासावर करा. समजा एक दात ३०० रुपयाला आणि दहा तास चालतो, दुसरा २०० ला आणि सहाच तास. पहिला तासाला ३० रुपये, दुसरा ३३ च्या वर, आणि दुसऱ्यासाठी मशीन जास्त वेळा थांबते ते वेगळंच. तुमच्या मशीनवर साठ दात असले तर हा तीन रुपयांचा फरक तासाला दोनशेच्या घरात जातो. मात्र तास मोजायला वही लागते आणि वही कुणी ठेवत नाही, म्हणून स्वस्तवाला विकणारा कायम जिंकतो.

दात नेमका कधी बदलायचा? आमचा फोरमन म्हणतो टोपी पूर्ण संपेपर्यंत चालवा, पैसे वसूल.
(अंबड)

टोपी संपायच्या आत. पोलाद उघडं पडलं की ते भसाभस जातं, त्याच्या मागं होल्डरचं तोंड. डिझेल वाढलं, मशीन नेहमीच्या खोलीवर पण ओरडायला लागली, मागचा पट्टा खरबरीत येतोय, ही लक्षणं दिसली की थांबून बघाच. ड्रमच्या दोन्ही कडांचे दात आधी जातात, ते रोज बघा. आणि सगळे झिजलेले असताना मधीच एक कोरा करकरीत दात लावू नका, तो बाकीच्यांपेक्षा उंच राहतो आणि सगळा भार एकटा खातो. जुन्यातला बऱ्यापैकी दात तिथं लावा, नवे एकदम घाला.

बसवताना कुठला हातोडा वापरायचा? आमच्याकडं घणच आहे. (वसमत)

घण नको. तांब्याचा किंवा पितळेचा हातोडा घ्या, लोखंडी घाव विडियावर बसला की कपची उडते, डोळ्यात पण जाते, चष्मा घाला. आणि दाताबरोबर जो वायसर येतो तो काही पोरं आधीच काढून फेकतात, तसं करू नका, बऱ्याच दातांत तोच स्प्रिंगची स्लीव्ह दाबून धरतो म्हणून दात भोकात सहज जातो, आत गेला की वायसर मागं सरकून खांद्याखाली बसतो आणि होल्डरचं तोंड झाकतो. बसल्यावर हातानं फिरवून बघा. फिरला नाही तर काढा, भोक पुसा, परत बसवा.